धर्मसभा जिंकली असती तर ?

श्रोतेहो, पानिपतावर भाऊसाहेबांचा जय झाला असता तर काय झालें असतें, हा प्रश्न ज्या घरांत कधींच निघाला नाहीं असें मराठी घर विरळा. रात्रीं जेवणें आटोपून चार मंडळी बसलीं, कीं १७६१ चें पानिपत पुन्हां एकदां लढलें जातें, आणि या खेपेस तें बहुधा आपणच जिंकतों. इतिहासाचे पंडित या खेळाकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. तरी या खेळाचा एक उपयोग आहे. जें घडलें तें घडणारच होतें, ही आपली आळशी समजूत त्यानें जराशी ढिली होते, आणि गोष्ट नेमकी कोणत्या वळणावर फिरली हें शोधण्याची बुद्धि होते.

आज मी आपणांस जो 'जर-तर' सांगणार आहें, त्याचें रणांगण पानिपतापासून फार दूर आहे. तेथें तलवारी थोड्या चालल्या व कागद फार खर्ची पडले. वाद असा होता कीं, पश्चिम युरोपच्या ख्रिस्ती धर्मसंस्थेंत श्रेष्ठ कोण : रोमचा पोप, कीं देशोदेशींच्या धर्माधिकाऱ्यांची मिळून भरलेली सभा ? पंधराव्या शतकांत एकदां या प्रश्नाचें उत्तर 'सभा' असें लेखी, ठराव करून देण्यांत आलें होतें. अर्ध्या शतकाच्या आंत तें उत्तर पुसलें गेलें. तें टिकलें असतें तर ?

प्रथम थोडी पूर्वपीठिका. इ. स. १३०९ पासून जवळजवळ सत्तर वर्षें पोप रोम सोडून आव्हिन्याँ येथें राहत होते. १३७७ सालीं अकरावा ग्रेगरी रोमला परतला व पुढच्याच वर्षीं मरण पावला. नवा पोप निवडण्यास कार्डिनल बसले, तेव्हां बाहेर जमावानें ओरड चालविली होती कीं, पोप रोमचा हवा, निदान इटलीचा तरी हवा. सहावा अर्बन निवडून आला. तो इतका तापट निघाला कीं, ज्यांनीं त्याला निवडलें तेच कार्डिनल कांहीं महिन्यांत त्याला सोडून गेले. निवड भीतीपोटीं झाली म्हणून ती रद्द, असें सांगून त्यांनीं सातवा क्लेमंट या नांवाचा दुसरा पोप केला. तो आव्हिन्याँस जाऊन राहिला. फ्रान्स, स्कॉटलंड, कास्तील हीं राज्यें त्याच्याकडे झालीं. इंग्लंड, हंगेरी व जर्मनीचा बराच भाग रोमकडे राहिला. दोन दरबार, दोन खजिने, आणि दोघांनींही एकमेकांस बहिष्कृत केलेलें ! सामान्य भाविकाची स्थिति काय झाली असेल, तें मनांत आणा. ज्या पाद्र्यापाशीं आपण पापाची कबुली देतों, त्याला अधिकार देणारा बिशप खऱ्या पोपचा कीं खोट्या पोपचा, हेंच त्याला उमगेना. १४०९ सालीं दोन्ही बाजूंच्या कार्डिनलांनीं पीसा येथें परिषद भरवून दोघांनाही पदावरून काढलें व तिसरा पोप निवडला. काढलेले दोघे जागचे हलले नाहींत. दोहोंचे तीन झाले.

ही तिढ सोडविण्यासाठीं १४१४ सालच्या नोव्हेंबरांत सरोवराकांठच्या कॉन्स्टन्स शहरीं मोठी परिषद भरली. राजा सिगिस्मंड याच्या आग्रहावरून ती बोलावली होती पीसाच्या परंपरेंतील पोप तेविसावा जॉन यानेंच. इटालियन धर्माधिकारी संख्येनें फार. त्यांचीं मतें आपल्याच पदरांत पडतील, हा त्याचा हिशेब. परंतु सभेनें डोकीं मोजण्याऐवजीं राष्ट्रें मोजावयाचें ठरविलें. इटालियन, फ्रेंच, जर्मन व इंग्रज अशीं चार राष्ट्रें, प्रत्येकास एक मत. पुढें स्पॅनिश हें पांचवें राष्ट्र आलें. हिशेब फसला असें दिसतांच मार्च १४१५ मध्यें पोप वेष पालटून शहरांतून निसटला. बोलावणाराच निघून गेला म्हणजे सभा आपोआप मोडेल, अशी त्याची अटकळ होती.

सभा मोडली नाहीं. ६ एप्रिल १४१५ रोजीं तिनें एक ठराव केला. त्याचा आशय असा : रीतसर भरलेल्या या परिषदेस तिचा अधिकार साक्षात् ख्रिस्तापासून मिळालेला आहे, आणि श्रद्धेच्या बाबतींत, ही फूट मिटविण्याच्या बाबतींत व धर्मसंस्थेची शिरापासून पायापर्यंत सुधारणा करण्याच्या बाबतींत प्रत्येकानें, मग तो पोप कां असेना, तिची आज्ञा पाळली पाहिजे. पळालेल्या पोपला पकडून मे महिन्यांत पदच्युत करण्यांत आलें. रोमच्या परंपरेंतील बारावा ग्रेगरी यानें जुलैमध्यें आपण होऊन राजीनामा दिला. आव्हिन्याँच्या परंपरेंतील तेरावा बेनेडिक्ट स्पेनच्या किनाऱ्यावरील पेनिस्कोला नांवाच्या किल्ल्यांत जाऊन बसला व 'मीच पोप' म्हणत राहिला. १४१७ सालीं त्यालाही काढण्यांत आलें. त्याच वर्षीं ११ नोव्हेंबरला कॉन्स्टन्सच्या व्यापारी वखारींत २३ कार्डिनल व पांच राष्ट्रांचे मिळून ३० प्रतिनिधि एकत्र बसले आणि त्यांनीं पांचवा मार्टिन हा एकच पोप सर्वांसाठीं निवडला.

या निवडणुकीच्या महिनाभर आधीं, ९ ऑक्टोबर १४१७ रोजीं, परिषदेनें आणखी एक ठराव केला होता. पहिल्या ठरावाचा गाजावाजा फार झाला, या दुसऱ्याचा थोडा. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भार मात्र या दुसऱ्यावर आहे. त्यांत सांगितलें होतें कीं, पुढची परिषद पांच वर्षांनीं भरावी, त्यापुढची सात वर्षांनीं, आणि त्यानंतर दर दहा वर्षांनीं, कायमची. ही मुदत पोपनें वाटल्यास कमी करावी. वाढविण्याचा अधिकार त्याला नाहीं.

आपल्याकडील कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाच्या चालकांस या नियमाचें मर्म चटकन् कळेल. सर्वसाधारण सभा श्रेष्ठ, असें घटनेच्या पहिल्या कलमांत छापलेलें असतें. त्यानें चिटणिसाची झोंप मोडत नाहीं. सभा अमुक महिन्यांत भरलीच पाहिजे, हें कलम मात्र त्याला हिशेबाच्या वह्या उघडावयास लावतें. १४१५ च्या ठरावानें सभेला मान दिला, १४१७ च्या ठरावानें तिला पंचांग दिलें.

पंचांग दोनदां पाळलेंही गेलें. १४२३ सालीं पाव्हिया येथें परिषद भरली. ती पुढें सिएना येथें हलली व फारसें कांहीं न करितां विरली. १४३१ सालीं, मुदतीप्रमाणें, ऱ्हाईन नदीवरील बाझल शहरीं तिसरी भरली. त्याच वर्षीं पोपपदावर आलेला चवथा यूजीन यानें वर्षअखेरीस ती बरखास्त केली. बाझलच्या मंडळींनीं 'आम्ही उठत नाहीं' म्हणून कळविलें आणि कॉन्स्टन्सच्या ठरावाकडे बोट दाखविलें. दोन वर्षें झगडा चालला. १४३३ च्या डिसेंबरांत पोपनें माघार घेऊन आपली आज्ञा परत घेतली. सभेच्या पक्षाला याहून मोठा विजय कधीं मिळाला नाहीं.

त्या सुमारास बाझलनें एक फार मोलाची गोष्ट केली, आणि ती समजण्यासाठीं पुन्हां क्षणभर कॉन्स्टन्सला गेलें पाहिजे. बोहेमियांतील जॉन हस हा धर्मोपदेशक सिगिस्मंडाचें अभयपत्र घेऊन त्या परिषदेपुढें आला होता. परिषदेनें त्याला पाखंडी ठरविलें व ६ जुलै १४१५ रोजीं त्याला जिवंत जाळण्यांत आलें. पोपहून आपण श्रेष्ठ असें ठरवून बरोबर तीन महिने झाले होते ! सभा म्हटली कीं ती उदार असणारच, असें समजणाऱ्यांनीं ही तारीख विसरूं नये. हसच्या अनुयायांवर पुढें एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. १४३१ सालच्या शेवटच्या स्वारींत तर मोठें सैन्य जवळजवळ न लढतांच पळालें. त्या पळापळींत पोपचा वकील म्हणून हजर असलेला कार्डिनल सेझारिनी हाच बाझलचा अध्यक्ष झाला. त्यानें हसच्या पंथीयांना चर्चेस बोलाविलें. १४३३ च्या जानेवारींत ते बाझलला आले, आपलें म्हणणें त्यांनीं दिवसेंदिवस मांडलें, त्यास उत्तरें देण्यांत आलीं, आणि ते सुखरूप घरीं परतले. पुढें तडजोड होऊन १४३६ सालीं ती जाहीर झाली : प्रसादविधींत भाकरीबरोबर द्राक्षारसाचा पेलाही सामान्य जनांस देण्याची त्यांची मागणी मान्य झाली. एका परिषदेनें ज्याला जाळलें, त्याच्या माणसांचें पुढच्या परिषदेनें ऐकून घेतलें. सभा शहाणी नव्हती. पण ती पुन्हां भरत होती, म्हणून तिला शहाणी होण्यास वाव मिळाला.

इतकें साधल्यावर बाझलची सभा हरली कशी ? तिच्या पराभवास पोप जितका कारण झाला, तितकीच ती स्वतः झाली. हिशेब तपासावयास बसलेल्या मंडळींस हळूहळू दुकानच चालवावेंसें वाटूं लागलें. नव्या नेमणुकीबद्दल रोमला द्यावा लागणारा पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा कर १४३५ सालीं सभेनें बंद केला. तोपर्यंत ठीक होतें. पण पोपच्या दरबाराचा खर्च कसा चालावा, याची सोय तिनें केली नाहीं. लहानसहान दावे व पदांचे तंटे ती स्वतःच निकालांत काढूं लागली. बिशप थोडे, आणि पंडित, मठवासी व खालचे धर्माधिकारी पुष्कळ. सर्वांचें मत सारखें. मग ग्रीक लोकांचा प्रश्न आला. तुर्कांच्या भयानें कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा पश्चिमेशीं धर्मैक्य करण्यास तयार झाला होता. त्याची भेट कोठें घ्यावी, यावर ७ मे १४३७ रोजीं बाझलच्या मोठ्या देवळांत सभा फुटली. बहुमताचा ठराव आणि अल्पमताचा ठराव, असे दोन ठराव एकाच वेळीं मोठमोठ्यानें वाचण्यांत आले ! त्या शरदऋतूंत कॉन्स्टँटिनोपलच्या बंदरांत पोपचीं जहाजें लागलीं, आणि पाठोपाठ सभेचींही लागलीं. ग्रीक मंडळी पोपच्या जहाजांत चढली. पोपनें परिषद इटलींत फेरारा येथें नेली असल्याचें जाहीर केलें. सेझारिनी तिकडे गेला. सत्तेस शासितांची संमति हवी, असें बाझलमध्यें बसून लिहिणारा क्यूसाचा निकोलस हा थोर तत्त्वज्ञही पोपच्या पक्षास मिळाला.

मागें राहिलेल्यांनीं १४३९ सालीं यूजीनला पदच्युत करून सॅव्हॉयचा ड्यूक अमेडिअस यास पांचवा फेलिक्स या नांवानें पोप केलें. ज्या फुटीच्या निवारणासाठीं परिषदांचा जन्म झाला, तीच फूट एका परिषदेनें पुन्हां जन्मास घातली. राजांनीं या संधीचें सोनें केलें. फ्रान्सच्या राजानें १४३८ सालीं बाझलच्या ठरावांतले सोयीचे तेवढे आपल्या राज्यास लागू केले; जर्मन राजांनीं आधीं तटस्थ राहून, मागाहून रोमशीं करार केले. १४४९ सालीं फेलिक्सनें पद सोडलें व उरलीसुरली सभा उठली. तोंवर ती अठरा वर्षें बसून होती. दर दहा वर्षांनीं परिषद भरावी, या नियमाचा असा शेवट झाला : पोपला ती बोलवावयाची नव्हती, आणि बोलावलेलीस उठावयाचें नव्हतें.

या कथेचा शेवटचा अंक एका माणसाभोंवतीं फिरतो. एनीअस सिल्व्हिअस पिकोलोमिनी हा बाझलचा हुशार लेखक. फेलिक्सचा तो चिटणीस होता. पुढें त्यानें पक्ष बदलला आणि १४५८ सालीं तो दुसरा पायस या नांवानें पोप झाला. १४६० च्या जानेवारींत त्यानें आज्ञापत्र काढलें कीं, पोपच्या निर्णयावर परिषदेकडे अपील करणें हा अपराध होय. दोन वर्षांनीं त्यानें हसपंथीयांशीं झालेली तडजोडही रद्द केली.

आतां आपला 'जर-तर' मांडूं. समजा, १४३७ सालीं बाझलच्या सभेनें मनाचा आवर केला असता. ग्रीकांची भेट इटलींत घेण्यास मान्यता दिली असती, पोपकडून पंचांग पाळण्याचें वचन घेतलें असतें, आणि १४३८ सालीं शांतपणें उठून सर्व मंडळी घरीं गेली असती. दहा-दहा वर्षांचा हिशेब बोटांवर करून पहा. १४४८, १४५८, असें करीत आठवी परिषद येते १५१८ सालीं. आणि १५१८ च्याच नोव्हेंबरांत मार्टिन ल्यूथर यानें पोपविरुद्ध परिषदेकडे अपील केलें. हा जुळून आलेला योग गंमतीचा आहे, पुरावा नव्हे. पण त्यांतून एक खरी गोष्ट दिसते : ल्यूथरनें दार ठोठावलें, तेव्हां आंत कोणी नव्हतें. पोपनें बोलावलेली एक परिषद रोममध्यें १५१२ पासून भरत होती, ती १५१७ च्या मार्चांत, ल्यूथरच्या प्रसिद्ध प्रबंधांच्या सात महिने आधीं, उठून गेली होती. पुढची ट्रेंटची परिषद भरली १५४५ सालीं. त्या सत्तावीस वर्षांत ल्यूथर म्हातारा झाला, आणि युरोपचे दोन तुकडे झाले.

दर दहा वर्षांची परिषद असती तर ल्यूथरचें काय झालें असतें ? तिनें त्यालाही जाळलें असतें, हें अशक्य नाहीं. हसचें उदाहरण समोर आहे. परंतु जर्मन राष्ट्राला तेथें आपलें मत असतें, रोमकडे वाहणाऱ्या पैशाचा प्रश्न दर दहा वर्षांनीं निघाला असता, आणि पापक्षमेच्या पत्रांची विक्री इतक्या थरास जाण्यापूर्वींच कोणीतरी जाब मागितला असता. त्याची किंमतही पडली असती. आखडत्या हाताच्या पोपनें १५०६ सालीं सेंट पीटरचें तें अवाढव्य मंदिर बांधावयास घेतलें असतें काय ? मायकेल-अँजेलोस सिस्टाइन मंदिराचें छत रंगविण्यास बोलाविलें असतें काय ? शंका वाटते. शिवाय सभेंत राष्ट्रांप्रमाणें मतें, म्हणजे राष्ट्रांच्या आडून राजांचीं मतें. धर्मसभा ही राजांच्या वकिलांचा अड्डा होण्याचें भय खरें होतें.

या दूरच्या कथेचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत पोंचतो. १४५५ सालीं पांचवा निकोलस या पोपनें आज्ञापत्र देऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व त्यापलीकडील शोध व व्यापार यांचा मक्ता पोर्तुगालच्या राजास दिला. १४९३ सालीं सहाव्या अलेक्झांडरनें पश्चिमेकडील नव्या भूमीबद्दल स्पेनला तशींच पत्रें दिलीं. ज्या परिषदेंत स्पेन व पोर्तुगाल समोरासमोर बसतात, तिच्याकडून अशी देणगी एका सहीसरशी मिळाली नसती. बाझलच्या काळींच कॅनरी बेटांवरून त्या दोघांचें भांडण जुंपलें होतें. तरी मिऱ्याच्या ओढीनें निघालेलीं जहाजें एखाद्या ठरावानें थांबलीं असतीं, असें मला वाटत नाहीं. गोवें १५१० सालीं पडलें तें तोफांनीं.

आणि सभेच्या कैवाऱ्यांसाठीं गोव्यांतच एक धडा आहे. १५६७ सालीं तेथें पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. बळानें कोणास ख्रिस्ती करूं नये, असें तिनें म्हटलें; आणि त्याचबरोबर हिंदूंचे उघड धर्मविधि बंद करावे, त्यांच्या पुरोहितांस घालवून द्यावें, असेही ठराव केले. हें कोणा एका हुकूमशहाचें काम नव्हतें. चर्चा करून, रीतसर झालें. परंतु ज्यांच्याविषयीं ठराव झाले, त्या गांवकऱ्यांपैकीं तेथें बोलावयास कोणी नव्हता. बाझलच्या दारांतून हसचे लोक निदान आंत येऊं शकले होते. सभेची योग्यता तिच्या सभासदांच्या संख्येवरून ठरत नाहीं. जो तिच्या निर्णयानें भाजणार आहे, त्याला तेथें उभें राहतां येतें कीं नाहीं, यावरून ती ठरते.

पुढें इतिहासानें मोठी मौज केली. १८ जुलै १८७० रोजीं व्हॅटिकनमध्यें भरलेल्या एका परिषदेनेंच ५३३ विरुद्ध २ मतांनीं ठरविलें कीं, श्रद्धा व नीति यांविषयीं पोपनें आपल्या पदावरून दिलेला अंतिम निर्णय अचूक असून, त्यास सभेच्या संमतीची गरज नाहीं. सभेनें बहुमतानें आपलें बहुमत अनावश्यक ठरविलें ! उलट, १९५८ सालीं पोप झालेल्या रोंकाल्ली यांनीं नांव घेतलें तेविसावा जॉन. कॉन्स्टन्सहून पळालेल्या त्या पोपचें, जें साडेपांचशें वर्षें कोणी घेतलें नव्हतें. त्या पळपुट्यास खऱ्या पोपांच्या यादींतून काढल्याचें यानें पक्कें झालें. आणि याच दुसऱ्या जॉननें १९६२ सालीं नवी महापरिषद भरविली, जींत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरिअन ग्रेशस हेही बसले होते. २०२३ व २०२४ सालीं रोममध्यें झालेल्या धर्मसभेच्या बैठकींत स्त्रियांनींही मतें दिलीं. शेवटचा शब्द मात्र पोपचाच राहिला.

श्रोतेहो, सभा श्रेष्ठ कीं अधिपति श्रेष्ठ, हा वाद ऐकावयास भारदस्त आहे, आणि कॉन्स्टन्सच्या मंडळींनीं तो जिंकलाही होता. त्यांच्या हातून निसटली ती साधी गोष्ट : ठरल्या दिवशीं जमावें, हिशेब पाहावा, ज्याचें गाऱ्हाणें असेल त्याचें ऐकावें, आणि पुढची तारीख ठरवून उठावें. बोलावणाऱ्यानें टाळाटाळ केली आणि जमलेल्यांनीं उठण्यास नकार दिला, कीं मोठमोठे ठराव कपाटांत राहतात व कारभार जो रोज कचेरींत बसतो त्याच्या हातीं जातो. आपणही कोठल्या ना कोठल्या संस्थेचे सभासद असतां. पुढच्या सभेची सूचना घरीं येईल, तेव्हां ती बाजूला टाकण्यापूर्वीं बाझलच्या देवळांतल्या त्या दोन आवाजांची आठवण करावी, आणि सभेस जावें. इतकें बोलून आपली रजा घेतों.